संगत कोन, विरुद्ध कोन

"आपल्या खुर्चीला हात लावनारा अजून बोरखडकीत पैदा व्हायचाय!"

बोरखडकीचे सरपंच संपतराव हे वाक्य हॉटेलच्या बाकड्यावर मांडी घालून, बशीतला चहा फुर्रकन ओढून, साऱ्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. खरं तर त्या वेळी हॉटेलात तिघंच बसले होते, आणि त्यातला एक ठार बहिरा. पण संपतरावांची पट्टीच तशी! मेंढरांमागं रानोमाळ हाका मारून लहानपणीच गळा असा तयार झाला होता, की कानात कुजबुजले तरी पार पुसेगावात ऐकू जावं.

हिंगोली जिल्हा होऊन नुकतं वर्ष उलटलं होतं, आणि गावोगावी सगळ्यांनाच पुढारी व्हायची घाई झाली होती. बोरखडकीत ती कोंडीबाला झाली. त्यानं संपतरावांवर अविश्वासाचा ठराव आणला. उद्या सकाळी सेनगावहून तहसीलदार येणार, मेंबरांचे हात मोजणार, आणि संपतराव सरपंच राहणार की नुसतेच संपतराव, हे ठरणार! मेंबर एकूण नऊ. ठराव पास व्हायला सहा हात लागत होते. कोंडीबाकडं त्याच्या स्वतःच्या हातासकट होते पाच. सहाव्या हातासाठी त्यानं गावाचा उंबरा न् उंबरा झिजवला, पण तो काही गावला नव्हता.

कारण उरलेले चौघं पक्के! एक स्वतः संपतराव. दुसरा तांड्यावरचा वसराम. तिसरी धुरपताबाई, शेळ्या राखणारी म्हातारी, बायांच्या राखीव जागेवरून निवडून आलेली. आणि चौथे किराणा दुकानवाले शिवशंकरअप्पा.

"बाकीचे सरपंच आपली मानसं जीपीत कोंबून सहलीला नेतेत, कुलपात ठेवतेत," संपतराव म्हणाले. "आपल्याला गरजच न्हाई! आपली तिघं म्हंजे लोखंड हाय लोखंड!"

आता या माणसाला खुर्चीचं एवढं काय, असं तुम्ही विचाराल. तर ऐका. त्यांच्या बापाला गाव "ए मेंढक्या" म्हणून हाक मारायचं. आज्याला तर हाकही मारत नव्हतं, नुसतं बोट करायचं. त्या घरातला हा पहिला माणूस, ज्याला लोक उठून "रामराम सरपंच" म्हणत होते. तो रामराम ऐकायला संपतराव रोज संध्याकाळी मुद्दाम लांबचा वळसा घालून घरी जायचे. बायको, बनाबाई, भाकऱ्या झाकून वाट बघायची आणि वैतागायची. पण तिलाही मनातून बरंच वाटत असणार.

तर चहा पिऊन, मिशा पुसून संपतराव शाळेकडं निघाले. ग्रामपंचायतीचे पत्रे वादळात उडाले होते, म्हणून उद्याची सभा शाळेत होती. खोली झाडलीय का, तहसीलदारसाहेबाला बसायला धड खुर्ची आहे का, ते बघावं म्हणून ते शाळेच्या मागच्या भिंतीशी आले. तोंडातली तंबाखू थुंकायला जरा थांबले. बस्स! तिथंच सगळं नशीब फिरलं.

भिंतीपलीकडं काय चाललं होतं ते आधी तुम्हाला सांगून टाकतो. संपतरावांना ते कुणी सांगितलं नाही, हीच तर सगळी भानगड!

शाळेत नवे मास्तर आले होते, चिन्मय सर. हिंगोलीचे, बंडोपंत कारकुनांचे चिरंजीव. हौशी माणूस! आठवीला भूमिती शिकवायची तर फळ्यावर कशाला, मैदानावरच शिकवू, म्हणून त्यांनी चुन्याच्या फक्कीनं दोन लांब समांतर रेषा मारल्या. दोन्हींना कापत जाणारी एक तिरपी रेषा मारली, ती छेदिका. दोन ठिकाणी कापलं की कोन होतात आठ. एकेका कोनात एकेक लेकरू उभं केलं. इथवर सगळं झकास होतं.

घोळ झाला नावांचा. आमच्याकडं पोरं एकमेकांना स्वतःच्या नावानं कधी हाक मारतात का? बापाच्या नावानं मारतात! वसरामचा पोरगा म्हणजे "ए वसराम", कोंडीबाचा पोरगा म्हणजे "अरे कोंडीबा". धुरपताबाईचा नातू आजीपाशीच वाढलेला, म्हणून तो "धुरपता". तसाच अप्पांचा नातू म्हणजे "शिवशंकर". आणि संपतरावांची रागिणी म्हणजे अर्थातच "सरपंच". नव्या मास्तरांना हे काय माहीत? पोरं जे ओरडतात तीच त्यांची नावं, असं त्या भल्या माणसाला वाटलं. खेड्यात नावं जरा जुनी ठेवतात, असं म्हणून त्यांनी ती पाठसुद्धा करून टाकली!

आणि दुसरा घोळ भूमितीचा. मास्तरांचा 'कोन' म्हणजे भूमितीतला कोन. पण बोरखडकीत जीभ वळवून 'कोण' म्हणायची तकलीफ घेतो कोण? सगळे 'कोन'च म्हणतात! "कोन आलंय?" "कोन हाय तिकडं?" आणि 'संगत' म्हणजे बरोबर, सोबत, हे तर शेंबडं पोरगंही सांगेल.

आता भिंतीअलीकडं उभ्या असलेल्या संपतरावांच्या कानानं ऐका.

"सांगा पाहू," मास्तरांचा आवाज आला, "कोंडीबाचा संगत कोन?"

"वसराम!" पोरं एका सुरात ओरडली.

संपतरावांची तंबाखू तोंडातच राहिली.

"शाब्बास! कोंडीबा आणि वसराम दोघंही एकाच बाजूला आहेत, दिसतंय ना?"

"व्हय सर!"

"आता सरपंचाचा विरुद्ध कोन?"

"धुरपता!"

"बरोबर! समोरासमोर उभे आहेत बघा. धुरपताचा संगत कोन?"

"शिवशंकर!"

"आणि शिवशंकर आत आहे का बाहेर?"

"बाहेर सर!"

संपतरावांनी बोटांवर नावं मोजली. वसराम? धुरपतामावशी? आणि अप्पा बाहेरून? दिल्लीत त्या दिवसांत बाहेरून पाठिंबा द्यायची आणि सरकारं पाडायची टूम निघालेली होती. ती बोरखडकीत येऊन पोचली की काय!

"आता नीट लक्ष द्या," मास्तर म्हणाले. "धुरपता आणि वसराम हे आतले. दोघं मिळून काय होतात?"

"एकशे ऐंशी!"

एकशे ऐंशीचं संपतरावांना काही उमगलं नाही. पण 'आतले' आणि 'मिळून' हे दोन शब्द बराबर उमगले. आतून मिळालेले! त्यांनी भिंतीला कानच लावला.

"शेवटचं सांगा. सरपंचाचा संगत कोन?"

त्या कोनात उभं राहिलेलं पोरगं नेमकं पाणी प्यायला पळालं होतं.

"कोनीच न्हाई सर!"

आणि सगळी पोरं खो-खो हसली. त्या हसण्यात रागिणीचाही आवाज होता, पण बापाला तो ओळखू आला नाही. बापाच्या कानात नुसतं घूं घूं होत होतं. गावातल्या लेकराबाळांना ठाऊक, आणि ज्याची खुर्ची त्यालाच ठाऊक नाही! दिवसाढवळ्या शाळेत कोंडीबानं नवा मास्तर लावून उद्याची तालीम चालवलीय, अशी संपतरावांची पक्की खात्री झाली. सभेची खोली बघायचं राहिलं बाजूला. ते तसेच माघारी फिरले, ते थेट धुरपताबाईच्या शेळ्यांच्या वाड्यावर. वाटेत महादेवाच्या देवळातून त्यांनी मूठभर बेल आणि चिमूटभर भंडारा खिशात टाकून घेतला.

धुरपताबाई शेळ्यांना पाला टाकत होती.

"ये बाबा सरपंचा. बस. च्या ठेवू?"

"च्या ऱ्हाऊ द्या. मावशी, उद्या तुमचा हात कुठं?"

"कुठं म्हंजे? खांद्याला!"

"गंमत न्हाई मावशी! माझ्या विरुद्ध कोन कोन हाय ते मला समदं कळलंय."

"कोन हाय?"

"तुमीच सांगा."

"कोंडीबा हाय की. गावाला ठावं हाय. त्यात काय सांगायचं?"

"आनखीन?"

म्हातारी विचारात पडली. तिला खरंच आणखी कोण आठवेना. पण संपतरावांना वाटलं, बघा, कशी लपवून राहिली! त्यांनी खिशातला बेलभंडारा काढला आणि तिच्यापुढं धरला.

"हे उचला. आन् म्हना, का मी सरपंचासंगत हाय."

म्हातारीच्या हातातला पाला तिथंच राहिला. एक करडू येऊन तिच्या हातातूनच तो ओढून खाऊ लागलं, तरी तिचं ध्यान नव्हतं.

"संपत," ती म्हणाली. निवडून आल्यापासून तिनं त्यांना नावानं हाक मारली नव्हती. "तुझ्या निवडनुकीत म्या अनवानी हिंडले घरोघर. तवा घातली व्हती का मला शपथ?"

"तवाची गोष्ट येगळी व्हती मावशी."

"ज्याचा भरोसा न्हाई त्याला शपथ घालतेत. जा बाबा तू. शेळ्या सोडायच्या हायेत मला."

शपथ घेतली नाही! म्हणजे खरंच की! संपतराव तडक शिवशंकरअप्पांच्या दुकानावर गेले. अप्पा दुकानाच्या ओट्यावर पंच्यानं वारा घेत बसले होते. गिऱ्हाइकं दोन-चार उभी होती.

"अप्पा, एक खरं सांगा. तुमी आत हाव का बाहेर?"

अप्पांनी मागं दुकानात बघितलं, मग स्वतःकडं बघितलं. "बाहेर."

"कबूल करता?"

"त्यात कबूल काय करायचं? आत लई उकडून राहिलं."

"आन् धुरपताबाईसंगत काय चाललंय तुमचं?"

गिऱ्हाइकांनी कान टवकारले. अप्पा सत्तरीचे, कपाळावर भस्माचे पट्टे, दोन वेळा लिंगपूजा केल्याशिवाय पाणी न पिणारे!

"सरपंच, काय बोलून राहिले तुमी?"

"आली व्हती का न्हाई ती इथं?"

"सकाळी आली व्हती. गूळ न्यायला. बसली घडीभर."

"बसली! वा अप्पा! बाहेरून पाठिंबा देता, दिल्लीवानी! या वयात गद्दारी!"

आता संपतरावांचा आवाज तुम्हाला माहीतच आहे. तो वेशीपर्यंत गेला. अप्पा उठले, गिऱ्हाइकाच्या हातातली साखरेची पुडी त्यांनी परत घेतली आणि भर बाजाराच्या दिवशी दुकानाच्या फळ्या लावून टाकल्या. "बाहेर बी न्हाई आन् आत बी न्हाई," ते फळीमागून म्हणाले, "म्या दुकानच बंद केलं! आता ऱ्हावा तुमी!"

दोघं गेले. आता वसराम तरी वाचवला पाहिजे! संपतरावांनी बसस्टँडवरची जीप ठरवली आणि धुरळा उडवत तांड्यावर नेली. सकाळी हॉटेलात ते जीपीबद्दल काय म्हणाले होते, ते त्यांना कुणी आठवून दिलं नाही, आणि दिलं असतं तरी ऐकायच्या मनःस्थितीत ते नव्हते.

"वसराम, बस जीपीत! सिद्धेश्वरच्या धरनावर जाऊ. ताजे मासे खाऊ. सकाळी सभेलाच वापस येऊ!"

"काहून सरपंच? माझी म्हैस आत्ताच व्याली हाय. कसा येऊ?"

"म्हैस मोठी का माझी खुर्ची मोठी?"

"म्हैस!" वसराम म्हणाला. खरं बोलणारा माणूस!

संपतरावांनी त्याचा एक हात धरला. ड्रायव्हरला वाटलं, सामान चढवायचंय, म्हणून त्यानं दुसरा धरला. वसराम अर्धा जीपीत आणि अर्धा तांड्यावर असा लोंबायला लागला. त्याची बायको हातातली चिकाची चरवी घेऊनच धावली. तांड्यावरची कुत्री, कोंबड्या, म्हाताऱ्या, सगळ्यांनी एकदम गिल्ला केला.

"मला बकऱ्यावानी बांधून नेता?" वसराम ओरडला. "अवं, म्या तर तुमच्यासंगत हाव!"

"खोटं! कोंडीबासंगत तू एकाच बाजूला उभा हायस! शाळेतली लेकरं सांगून राहिली!"

"कोन्ती लेकरं?"

याचं उत्तर द्यायच्या आत चरवीतला सगळा चीक संपतरावांच्या सदऱ्यावर आला. जीपवाला त्यांना तिथंच टाकून पळून गेला.

आता माणसानं घरी जावं, सदरा बदलावा, दोन घटका शांत बसावं. पण नाही! घाबरलेल्या माणसाला कुणीतरी हात-पाय बांधून एका जागी बसवलं पाहिजे, असं माझं तरी मत झालंय. संपतराव तिथून निघाले ते सरळ कोंडीबाच्या घरी!

कोंडीबाची त्या वेळची दशा सांगतो. सहावा हात मिळत नाही म्हणून तो डोक्याला फडकं बांधून बाजेवर आडवा पडला होता. उद्या भर सभेत तोंडावर आपटायचं, त्यापेक्षा आजच पोट दुखतंय म्हणून हिंगोलीच्या दवाखान्यात जाऊन झोपावं, असा त्याचा विचार चालला होता. पिशवीसुद्धा भरून ठेवली होती. तेवढ्यात दारात सरपंच! चिकानं माखलेले!

"कोंडीबा, झालं गेलं इसरून जा. तुला उपसरपंच करतो. पर माझी ती तिघं सोड!"

"कोन्ती तिघं?"

"आता काहून वेड घेऊन पेडगावला जातो? वसराम, धुरपतामावशी, अप्पा! तुझ्याकडं गेली ती!"

कोंडीबा उठून बसला. डोक्याचं फडकं त्यानं हळूच सोडलं.

"तुमाला... कोन म्हनलं?"

"लेकरं म्हनून राहिली शाळेत!"

कोंडीबा काही साधा माणूस नव्हता. त्यानं मान खाली घातली, मोठा सुस्कारा सोडला आणि म्हणाला, "आता लेकरंबी म्हनायला लागली, म्हंजे लपवून काय फायदा? व्हय सरपंच. आली तिघं."

संपतराव पाय ओढत घरी गेले. आणि कोंडीबा? त्यानं उजव्या पायातली चप्पल डाव्यात घातली अन् धावत सुटला. तिघांच्या घरी त्याला काही बोलावंच लागलं नाही. नुसतं ऐकायचं आणि मधूनमधून "राम राम राम! तुमाला शपथ? तुमाला गद्दार? तुमाला जीपीत?" एवढंच म्हणायचं!

संध्याकाळी रागिणी उड्या मारतच बापाजवळ आली. "आबा, आबा! आज म्या सरपंच झाले व्हते! आन् माझ्यासंगत कोनीच नव्हतं, तो पानी प्यायला—"

"गप बस!" संपतराव ओरडले. "इथं बापाचं घर जळून राहिलं आन् तुला खेळ सुचून राहिला!"

पोरीचा चेहरा उतरला. बनाबाई चुलीपासून म्हणाली, "अवं, ऐकून तर घ्या लेकराचं."

"सकाळपासनं ऐकूनच तर राहिलो!" असं म्हणून त्यांनी तोंडावर घोंगडी ओढून घेतली. झोप कसली येते! आढ्याकडं बघत त्यांनी रात्र काढली.

दुसऱ्या दिवशी शाळेत आठवीच्या वर्गात सतरंजी टाकली होती. तहसीलदारसाहेब खुर्चीत बसले. नऊ मेंबर सतरंजीवर. कोंडीबा आज दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून आला होता. वसराम, अप्पा आणि धुरपताबाई भिंतीला टेकून बसले होते, आणि तिघांपैकी कुणीही संपतरावांकडं बघत नव्हतं. चिन्मय सर पाण्याचे पेले घेऊन आत-बाहेर करत होते.

साहेबांचं लक्ष मागं फळ्याकडं गेलं. फळ्यावर दोन आडव्या रेषा, एक तिरपी, आणि कोपऱ्याकोपऱ्यात नावं. कोंडीबा. वसराम. धुरपता. शिवशंकर. सरपंच! आणि शेजारी मोठ्या अक्षरांत: विरुद्ध कोन, संगत कोन.

साहेब ताडकन उठले. "हा काय प्रकार आहे? मतदानाआधी फळ्यावर गट पाडून ठेवलेत? कुणी लिहिलं हे?"

चिन्मय सर हातातला पेला घेऊन तसेच पुढं आले. "मी, साहेब. ही माझ्या विद्यार्थ्यांची नावं आहेत. हा कोंडीबा, फार हुशार आहे. हा वसराम, जरा बडबड्या आहे. ही धुरपता म्हणजे तो मुलगा आहे, साहेब, नाव जरा—"

"साहेब, कोंडीबा म्या हाव!" कोंडीबा म्हणाला.

"आन् वसराम म्या!" वसराम म्हणाला. "आन् म्या कवा बडबड केली?"

मास्तरांनी एकेकाकडं बघितलं. बिचाऱ्याचा चेहरा बघवत नव्हता. नोकरीला दोन महिने झाले नव्हते, आणि समोर तहसीलदार! चाचरत चाचरत त्यांनी सगळं सांगितलं. दोन समांतर रेषा, त्यांना कापणारी छेदिका, एकाच बाजूचे ते संगत कोन, समोरासमोरचे ते विरुद्ध कोन, रेषांच्या मधले ते आतले, मधले नाहीत ते बाहेरचे. काल मैदानावर पोरांना उभं करून हेच शिकवत होतो, साहेब, आणि मग वर्गात येऊन तेच फळ्यावर काढून दिलं.

साहेबांना हसू आवरेना. पण संपतराव? ते फळ्याकडं बघत होते, आणि कालचं एकेक वाक्य त्यांच्या डोक्यात आपापल्या कोनात जाऊन उभं राहत होतं. कोंडीबाचा संगत कोन वसराम. सरपंचाचा विरुद्ध कोन धुरपता. शिवशंकर बाहेर. अरे देवा! काल सकाळी तिघंही त्यांचीच होती. गूळ न्यायला आलेली म्हातारी, उकडतंय म्हणून बाहेर बसलेले अप्पा, म्हैस व्यालेली म्हणून घरी राहिलेला वसराम!

"साहेब, मला दोन सबूद बोलायचेत," ते उठून म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांचा आवाज शेवटच्या माणसापर्यंत पोचला नाही. त्यांनी सगळं कबूल केलं. भिंतीआडून ऐकलेलं, बेलभंडारा, अप्पांचं दुकान, जीप. अप्पांपुढं हात जोडले. वसरामपुढं कान धरले. वसराम आधी बघतच राहिला, मग एकदम हसत सुटला, एवढा की डोळ्यांतून पाणी आलं. "म्हंजे माझं पोरगं कोंडीबाच्या पोरासंगत उभं व्हतं, आन् तुमी मला जीपीत कोंबलं!" अप्पांनीसुद्धा उपरण्याच्या आड तोंड लपवून हसून घेतलं. कोंडीबाच्या इस्त्रीवर घामाचे डाग पडायला लागले. संपतरावांच्या जिवात जीव आला. वाचलो! खुर्ची वाचली!

"ठरावाच्या बाजूनं असतील त्यांनी हात वर करा," साहेब म्हणाले.

पाच हात एकदम वर गेले. ते तर जाणारच होते.

अप्पांचा हात हलला. हात कानापर्यंत गेला, कान खाजवून परत मांडीवर आला. वसरामनं दोन्ही हात गुडघ्याखाली दाबून धरले आणि सरपंचांकडं बघून डोळा घातला. कोंडीबा एकदा इकडं, एकदा तिकडं बघत होता. साहेबांनी बोटानं मोजायला सुरुवात केली.

तेव्हा भिंतीजवळून एक सुरकुतलेला, हिरव्या बांगड्यांचा हात वर झाला.

"मावशी!" संपतराव म्हणाले. "अवं, ते भूमितीतले कोन व्हते! आत्ता सांगितलं न्हाई का मास्तरनं?"

"कोनाचं समजलं मला," धुरपताबाई म्हणाली. तिचे डोळे भरले होते, पण हात खाली आला नाही. "बेलभंडाऱ्याचं न्हाई समजलं. त्यो कोन्या मास्तरनं शिकवला व्हता तुला?"

सहा हात! साहेबांनी ठराव पास झाल्याचं लिहून घेतलं, चहा घेतला आणि ते जीपमध्ये बसून निघून गेले. कोंडीबाच्या माणसांनी दारात गुलाल उधळला. थोडा चिन्मय सरांच्या अंगावरही पडला, आणि तो कशाबद्दल ते त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही.

संपतराव त्या दिवशी जवळच्या वाटेनं घरी आले. सदरा खुंटीला टांगला आणि चुलीसमोर भिंतीला पाठ लावून बसून राहिले. बनाबाईनं पाण्याचा तांब्या पुढं सरकवला. सगळं तिच्या कानावर आधीच आलं होतं.

"काय सांगू तुला," तांब्या बाजूला ठेवून संपतराव म्हणाले. "समदं बराबर चाललं व्हतं गं. त्या कोनानं घात केला माझा!"

बनाबाईनं तव्यावरची भाकर उलटली, बोटानं दाबून बघितली आणि त्यांच्या ताटात टाकली.

"कोनानं न्हाई," ती म्हणाली. "कानानं!"